खिडकी कुठे उघडते, ते आधी विचारा

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वायकीकीचा, म्हणजे हवाईतल्या होनोलुलू शहराच्या समुद्रकाठच्या हॉटेलांच्या भागाचा, उल्लेख ओझरता आला होता, तरी त्यावर बरीच पत्रं आली. मुलं अमेरिकेत असली की आईवडील तिकडे जातात आणि हल्ली त्यातले बरेच जण मुलांबरोबर हवाईलाही जाऊन येतात. मी मूळची नागपूरची. यजमानांच्या नोकरीमुळे होनोलुलूला गेले आणि वायकीकीतल्या एका स्टुडिओ हॉटेलात, म्हणजे खोलीतच ओटा असलेल्या हॉटेलात, एकोणीस वर्षं काम केलं. सुरुवातीला बुकिंगचे फोन घेत होते, नंतर फ्रंट डेस्कवर आले. किल्ली घेऊन वर गेलेली माणसं दहा मिनिटांत पुन्हा खाली यायची, हे मी जवळजवळ रोज पाहिलं आहे. त्यांचा प्रश्न एकच असायचा: "समुद्र कुठे आहे?" म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला देते आहे.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. आमचा मुलगा सॅन होजेला असतो. डिसेंबरमध्ये तो आम्हा दोघांना सहा दिवस होनोलुलूला नेणार आहे. त्याने पाठवलेल्या स्टुडिओंच्या यादीत सिटी व्ह्यू, पार्शल ओशन व्ह्यू, ओशन व्ह्यू आणि ओशनफ्रंट असे चार प्रकार आहेत आणि पहिल्या-शेवटच्या दरात जवळपास दुपटीचा फरक आहे. ह्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, फार चालवत नाही. मुलगा म्हणतो, खोलीत फक्त झोपायचं तर आहे, एवढे पैसे कशाला? तुम्ही काय सांगाल?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: आधी सरळ उत्तर देते. समुद्राची खोली घ्या. पैसे सहा रात्रींना पुरत नसतील तर चार रात्री घ्या, पण घ्या. ज्याला डोंगर चढायचे आहेत, लाटांवर फळी घेऊन जायचं आहे, त्याला खोली फक्त झोपायला लागते, तेव्हा मुलगा त्याच्या परीने बरोबर बोलतो आहे. पण तुमचे यजमान दिवसातून किती तास बाहेर राहू शकणार आहेत? उरलेला सगळा वेळ ते जिथे बसणार आहेत, तिथून काय दिसतं यावरच त्यांची सहल ठरणार आहे.

आता ते चार शब्द. 'सिटी व्ह्यू'चं पुढे सांगते, आधी बाकीचे तीन. या शब्दांची मोजपट्टी प्रत्येक हॉटेलची वेगळी असते, हे आधी लक्षात घ्या. 'पार्शल' म्हणजे बहुतेक वेळा बाल्कनीत जाऊन, कठड्याशी उभं राहून, मान वळवल्यावर दोन इमारतींच्या फटीत दिसणारा समुद्र. आमच्याकडे अशी एक खोली होती, तिच्यातून समुद्र साडीच्या काठाएवढा दिसायचा. काठ सुंदर होता, यात वाद नाही. पण गुडघा दुखणाऱ्या माणसाला तो बघण्यासाठी दर वेळी उठून उभं राहावं लागे. 'ओशन व्ह्यू' म्हणजे खोलीतून समुद्र दिसतो, पण तिरका किंवा पुढच्या हॉटेलांच्या गच्च्यांवरून. त्या गच्च्यांवर एसीची यंत्रं आणि पाण्याच्या टाक्याही असतात. 'ओशनफ्रंट' म्हणजे समोरासमोर.

म्हणून मुलाला सांगा, बुकिंग करण्याआधी हॉटेलात फोन कर आणि नेमकं विचार: पलंगावर बसल्या बसल्या समुद्र दिसतो का? मधे कुठली इमारत येते? मजला कितवा? फोनवरचा माणूस अडखळला तर समजावं की खोली पार्शलच आहे, नाव काहीही असो. आणखी एक सांगते. होनोलुलूत पूर्व-पश्चिम म्हणून कुणी दिशा सांगत नाही. समुद्राकडची बाजू 'माकाई', डोंगराकडची 'माउका', एका टोकाला 'डायमंड हेड' आणि दुसऱ्या टोकाला 'एवा'. "खोली माकाई आहे ना?" असं विचारलंत की पलीकडचा माणूस जरा सावरून बोलतो. विचारणाऱ्याला माहिती आहे, हे त्याला कळतं. बाल्कनीला तिथे 'लानाई' म्हणतात, तेही विचारून घ्या. काही जुन्या इमारतींत लानाई इतकी अरुंद असते की खुर्ची टाकली तर दार सरकत नाही.

पैसे वाचवायची एक जागा मात्र आहे. कालाकाउआ अव्हेन्यू हा वायकीकीचा मुख्य रस्ता. त्याच्या बऱ्याच भागात समुद्राच्या बाजूला मोठी हॉटेलं उभी आहेत. १९०१ साली उघडलेलं मोआना आणि १९२७ चं गुलाबी रॉयल हवाईयन त्याच ओळीत आहेत. पण डायमंड हेडच्या टोकाकडे जाऊ लागलं की कुहिओ बीचपाशी रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला इमारती संपतात. तिथे आहेत ती नारळाची झाडं, बाकं, वाळू आणि पाणी. त्या भागात रस्त्याच्या अलीकडे असलेल्या हॉटेलांतून समुद्र थेट समोर दिसतो, मधे फक्त रस्ता. वाळूवरच्या हॉटेलापेक्षा दर बहुधा कमी असतो आणि दिसतं जवळपास तेच. मी तुमच्या जागी असते तर हेच निवडलं असतं. लिफ्टमधून उतरलं, रस्ता ओलांडला की बाकावर बसता येतं, म्हणजे यजमानांचंही काम झालं. डायमंड हेड हा जुना, विझलेला ज्वालामुखी आहे, साधारण ७६० फूट उंच. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश खलाशांना त्याच्या उतारावरचे चमकणारे स्फटिक हिरे वाटले, म्हणून हे नाव पडलं. तिथल्या लोकांचं नाव 'लेआही'. त्याचा कडा डावीकडे आणि समुद्र समोर, असं मिळालं तर मजला फार वरचा नसला तरी चालेल. उलट आठव्या-दहाव्या मजल्यावर लाटेचा आवाज येतो. तिसाव्यावर फक्त एसीचा.

डिसेंबरची निवड चांगली आहे. वायकीकीचा किनारा नैऋत्येकडे तोंड करून आहे, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य पाण्यात मावळताना दिसतो. जूनमध्ये गेलात तर तो उत्तरेकडे सरकलेला असतो आणि जमिनीच्या मागे जातो. पुष्कळ लोक समुद्रावरच्या सूर्यास्ताचे फोटो बघून उन्हाळ्यात बुकिंग करतात आणि हिरमुसतात. त्याची दुसरी बाजूही सांगते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून समुद्राकडच्या खोलीत दुपारभर ऊन येतं. तिथला नेहमीचा वारा ईशान्येकडून, म्हणजे डोंगराकडून येतो. तो माउका खोल्यांना लागतो, समुद्राकडच्या खोल्या वाऱ्याच्या आडोशाला पडतात. तेव्हा एसी नीट चालतो ना, हे विचाराच. ऊन वाटतं त्याहून कडक असतं. होनोलुलू २१.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि आमचं नागपूर २१.१ वर. दोन्हीकडे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावली दिवस येतो. मी पहिल्यांदा तिथे भर दुपारी स्वतःची सावली पायाखाली गेलेली पाहिली तेव्हा मला घरचीच आठवण आली.

आणि न्हाणीघर. हे कुणी विचारत नाही, पण तुम्ही विचाराच. जुन्या स्टुडिओंत बाथटब असतो आणि त्याची कड चांगली गुडघ्याएवढी उंच असते. शॉवर घ्यायला ती ओलांडून आत जावं लागतं. शस्त्रक्रिया झालेल्या माणसासाठी कड नसलेला शॉवर आणि भिंतीला धरायला दांडी असलेली खोली मागून घ्या. अशा खोल्या थोड्या असतात. समुद्र आणि शॉवर यांतलं एकच मिळत असेल तर शॉवर निवडा. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण ओल्या टबात पाय घसरलेली माणसं मी पाहिली आहेत.

स्टुडिओ म्हणजे एकच खोली, साधारण तीनशे चौरस फुटांची. त्यात पलंग, सोफा आणि ओटा. तिघं मोठी माणसं सहा रात्री एका स्टुडिओत राहू नका. मुलासाठी त्याच मजल्यावर डोंगराकडचा स्वस्त स्टुडिओ घ्या. तो तुमच्या लानाईत चहाला येईल.

माझं स्वतःचं सांगते, म्हणजे मी एवढं ठासून का लिहिते ते कळेल. माझे आईबाबा एकदाच होनोलुलूला आले. घर लहान होतं, म्हणून मी त्यांना कामाच्या ठिकाणी सवलतीत मिळालेली माउका खोली दिली. समुद्र दोन मिनिटांवर आहे, रोज नेईन, असं ठरवलं. पण मला सुट्ट्या थोड्या होत्या आणि आईला चालताना धाप लागायची. आठव्या दिवशी समुद्राकडची एक खोली दोन रात्री रिकामी आहे असं दिसलं आणि मी त्यांना हलवलं. आई सकाळी साडेसहाला लानाईत जाऊन बसली. दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा ती मटार सोलत होती आणि फळीवरचा कोणता मुलगा किती वेळा पडला हे तिला तोंडपाठ होतं. लाल चड्डीवाला अकरा वेळा पडला होता. "हा बघ, पुन्हा जातो," असं ती त्याच्या आईसारखी म्हणाली. ती सात दिवस आधी तिथे बसू शकली असती, हे मला अजून बोचतं.

बाबांचं वेगळं होतं. अंधार पडला की समुद्र नुसता काळा दिसतो. कडेची पांढरी रेघ आणि एखाद्या होडीचा दिवा, बाकी काही नाही. बाबा म्हणाले, आधीची खोली बरी होती, रात्री डोंगरावर दिवे लागायचे. ते खरंच होतं. माउका खोलीतून मानोआ आणि पालोलोच्या चढणीवरच्या घरांचे दिवे दिसतात, आला वाई कालव्यात संध्याकाळी सराव करणाऱ्या लांब होड्या दिसतात आणि मानोआच्या दरीत पाऊस आणि ऊन एकत्र आलं की दिवस उतरताना इंद्रधनुष्य. तेव्हा डोंगराची खोली वाईट नसते. तिथे वाईट असते ती फक्त शेजारच्या इमारतीच्या पार्किंगकडे उघडणारी खोली, आणि 'सिटी व्ह्यू'मध्ये तीही येते. म्हणून मुलाने स्वतःसाठी घेतानाही विचारावं: डोंगर की भिंत?

प्रश्न: ऑनलाइन दिसलेला दर आणि शेवटी भरलेली रक्कम यांत आमचा मोठा घोळ झाला. हवाईत नेमकं काय काय जोडलं जातं?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: राहण्यावर राज्याचा आणि काउंटीचा कर मिळून सुमारे १४ टक्के आणि शिवाय साडेचार टक्क्यांहून थोडा जास्त असा सर्वसाधारण कर, म्हणजे एकूण साडेअठरा टक्क्यांच्या वर. राज्याचा कर २०२६ च्या सुरुवातीपासून ११ टक्के झाला आहे, जुने आकडे धरू नका. त्याशिवाय रिसॉर्ट फी. ती रोजची तीस ते पन्नास डॉलरपर्यंत असते आणि तुम्ही त्यांचा टॉवेल-छत्री वापरा न वापरा, द्यावीच लागते. स्टुडिओ असेल तर सफाईचे पैसे एकदाच घेतात, म्हणून दोन रात्रींसाठी स्टुडिओ महाग पडतो आणि आठवड्यासाठी स्वस्त. मे २०२५ पासून अमेरिकेत नियम आहे की सक्तीची फी जाहिरातीतल्या दरातच दाखवायची. कर मात्र अजूनही वेगळा येतो. गाडी भाड्याने घेतलीत तर वायकीकीत पार्किंगचे रोजचे पैसे ऐकून छातीत धस्स होतं. सगळे दिवस गाडी ठेवू नका. बेट फिरायचं असेल त्या एका-दोन दिवसांपुरती घ्या, बाकीच्या दिवसांत बस उत्तम आहे.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. स्टुडिओत ओटा असतो म्हणे. तिथे आपला स्वयंपाक करता येतो का? फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो असं ऐकलं आणि भीती वाटली.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: करता येतो आणि करावा. स्टुडिओ घेण्याचं अर्धं कारण तेच आहे. सहसा विजेच्या दोन शेगड्या, छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह, दोन पातेली आणि एक बोथट सुरी मिळते. हवाईत भात रोजचा आहे, त्यामुळे राइस कुकर पुष्कळ ठिकाणी असतो. ओट्यावर नसेल तर डेस्कवर मागा. पण 'किचनेट' आणि 'किचन' यांत फरक आहे. काही ठिकाणी किचनेट म्हणजे नुसता फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. शेगडी आहे का, हा शब्द वापरूनच विचारा.

अलार्मची भीती खोटी नाही. वीस मजल्यांच्या इमारतीत तुमच्या मोहरीमुळे घंटा वाजायला नको. विजेची शेगडी तापायला वेळ घेते आणि मग एकदम फार तापते. आपण सवयीने आच मोठी ठेवतो, तेल धुरावतं आणि तिथे गडबड होते. आच मध्यमच ठेवा, तेल तापलं असं वाटायच्या आधी मोहरी घाला, वर झाकण ठेवा, लाल मिरची नंतर घाला. लानाईचं दार उघडं ठेवा, पण खोलीचं बाहेरच्या पॅसेजकडचं दार अजिबात उघडू नका. धूर पॅसेजमध्ये गेला की तिथला अलार्म वाजतो आणि तो सगळ्या इमारतीचा असू शकतो. मी तर पाहुण्यांना सांगायची, फोडणी मुलाच्या घरीच करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि मोठ्या बॅगेत ठेवून आणा. वरणावर, कोशिंबिरीवर चमचा चमचा घाला. उदबत्ती आणि निरांजन मात्र लावू नका. सकाळी देवापुढे हात जोडले तरी पुरे.

पीठ, मसाले, मेतकूट, भाजणी, कोरडा खाऊ मुख्य भूमीवरून नेता येतो, फक्त विमानात शेतीमालाची माहिती भरून द्यावी लागते. परतताना हवाईहून निघणाऱ्या बॅगा शेतीखात्याचे लोक तपासतात. अननस आणि नारळ चालतो. ताजा आंबा चालत नाही, तेव्हा तिथेच खाऊन निघा. भाजीसाठी चायनाटाउनला जा, बसने जाता येतं. भेंडी, कारली, लांब शेंगा, वांगी, पपई सगळं मिळेल. शनिवारी सकाळी डायमंड हेडजवळच्या कपिओलानी कॉलेजच्या आवारात शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथेही लवकर गेलं तर मजा येते.

आणि अळू! हे मी प्रत्येकाला सांगते. हवाईत त्याला 'कालो' म्हणतात आणि हवाईयन लोक त्याला आपला थोरला भाऊ मानतात, त्यांच्या उत्पत्तीकथेत तसंच आहे. कंद उकडून, कुटून त्याची 'पोई' करतात. ती जांभळट करडी, चिकट, आणि दोन दिवस ठेवली की आंबूस होते. आंबील आवडणाऱ्याला ती आवडेल, इतरांनी एक चमचा चाखावी. पानं नारळाच्या दुधात शिजवतात. ती नीट शिजली नाहीत तर घसा खाजतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. बाजारात पानं मिळाली आणि जवळ चिंच असेल तर त्या दोन शेगड्यांवर फदफदं करा. हॉटेलात असताना आम्ही काही जणी ते करायचो आणि हवाईयन सहकारी वाटी घेऊन यायच्या. त्यांच्या नारळाच्या दुधाला आमच्या चिंचगुळाची जोड त्यांना फार आवडली होती. बाहेर खाताना मात्र पानांत गुंडाळलेलं 'लाउलाउ' विचारल्याशिवाय घेऊ नका, आत मांस किंवा मासा असतो.

आज जिथे हॉटेलं उभी आहेत तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अळूची आणि भाताची खाचरं होती, बदकांची आणि माशांची तळी होती. डोंगरातले ओढे तिथे उतरायचे. वायकीकी या नावाचा अर्थच उसळणारं पाणी. १९२० च्या दशकात आला वाई कालवा खणून ते सगळं पाणी वळवलं आणि खाचरं बुजवून जमीन केली. समुद्राकडे बघून झालं की एकदा मागे वळून त्या कालव्यावरही जा. मला तिथे उभं राहिलं की नेहमी वाटायचं, आपण कुणाच्या तरी शेतावर राहतो आहोत.

प्रश्न: नातू चार वर्षांचा आहे. बाराव्या मजल्यावरची लानाई आणि समोर समुद्र, दोन्हीची धास्ती वाटते. शिवाय जेलीफिशबद्दलही वाचलं.
— एक आजोबा, ठाणे

उत्तर: लानाईचं आधी. खोलीत शिरताच पहिलं काम म्हणजे लानाईतल्या खुर्च्या आणि टेबल कठड्यापासून दूर करा, आणि कुणी मोठं बरोबर नसेल तेव्हा त्या आत घ्या. पोर कठड्यावरून जात नाही, खुर्चीवरून जातं. जुन्या इमारतींचे कठडे आजच्या मानाने ठेंगणे असू शकतात. सरकत्या दाराची कडी मुलाच्या हाताला येते का ते बघा. शंका असली तर खालचा मजला मागा. लहान मूल बरोबर असेल तर चौथ्या मजल्यावरून दिसणारा समुद्र पुरेसा मोठा असतो.

पोहायला कुहिओ बीचला न्या. तिथे पाण्यात दगडी भिंत घालून आत शांत, उथळ तळं केलं आहे. लाट भिंतीवर फुटते आणि आतलं पाणी नुसतं हलतं. भिंतीवर मात्र चढू देऊ नका, शेवाळ असतं. उन्हाळ्यात दक्षिणेकडून मोठ्या लाटा येतात, हिवाळ्यात वायकीकी त्या मानाने शांत आणि बेटाचा उत्तर किनारा खवळलेला असतो. हिवाळ्यात उत्तर किनाऱ्याला गेलात तर लांबूनच बघा.

जेलीफिशचा हिशेब आपल्या लोकांना फार सोपा आहे. बॉक्स जेलीफिश दक्षिण किनाऱ्यावर पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी येतात. म्हणजे वद्य अष्टमी ते दशमी. मी डेस्कखाली कालनिर्णय ठेवत असे आणि त्या तीन दिवशी लहान मुलांच्या आईबापांना आधीच सांगत असे. माझ्या वरिष्ठांना सुरुवातीला ते चमत्कारिक वाटलं होतं, नंतर तेच मला विचारू लागले, "आज कितवा दिवस?" किनाऱ्यावर पाट्याही लावतात. त्या दिवशी नातवाला वाळूत खेळू द्या, पाण्यात नको. तरीही डंख झालाच तर चोळू नका, थेट जीवरक्षकाच्या मनोऱ्याकडे जा.

प्रश्न: एका मालकाने वायकीकीच्या बाहेर, समुद्र दिसणारा फ्लॅट आठवड्यासाठी निम्म्या दरात देऊ केला आहे. "कुणी विचारलं तर नातेवाईक आहोत म्हणा," असं तो म्हणतो. घ्यावा का?
— एक वाचक, सध्या सिअॅटल

उत्तर: नाही. होनोलुलूत हॉटेलांसाठी राखलेला भाग आणि परवाना असलेल्या थोड्या जागा सोडल्या तर तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर भाड्याने देता येत नाही. जो माणूस पाहुण्याला खोटं बोलायला शिकवतो, तो अडचणीत फोन उचलणार नाही. तक्रार झाली की दंड त्याला होतो, पण रात्री बॅगा घेऊन रस्त्यावर तुम्ही असता. खऱ्या जाहिरातीत कर-नोंदणीचा क्रमांक असतो, तो बघा. आणि यात माझ्या मनाला लागणारी गोष्ट दुसरीच आहे. तिथली घरभाडी इतकी वाढली आहेत की माझ्याबरोबर खोल्या साफ करणाऱ्या बायका दोन-दोन नोकऱ्या करून तीन पिढ्यांना एका घरात सांभाळायच्या. राहायची घरं गुपचूप पाहुण्यांना गेली की त्यांना अजून लांब जावं लागतं.

वायकीकीतच काही इमारती अशा असतात की डेस्क हॉटेलचं, पण स्टुडिओ वेगवेगळ्या मालकांचे. हे कायदेशीर आहे आणि बहुधा स्वस्तही. फक्त दोन शेजारच्या खोल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, म्हणून फोटो त्याच क्रमांकाच्या खोलीचे आहेत का ते विचारा. आणि डेस्कवर बॅगा ठेवून घेतात का तेही. खोली दुपारी तीनला मिळते, विमान सकाळी उतरतं.

प्रश्न: झोप हलकी आहे. समुद्राच्या आवाजाने झोप लागेल की मोडेल?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: माझ्या गावचं पत्र! लाटेच्या आवाजाने झोप मोडल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे कुणी आल्याचं आठवत नाही. झोप मोडते ती कुहिओ अव्हेन्यूकडच्या (हा कुहिओ बीचचा नाही, आतल्या बाजूचा रस्ता) खालच्या मजल्यांवर, पहाटेच्या कचऱ्याच्या गाड्यांनी आणि रात्री उशिराच्या मोपेडनी. समुद्राकडे घ्या किंवा खूप वर घ्या.

एक आवाज मात्र चुकणार नाही, आणि तुम्हाला तो ओळखीचा वाटेल. दिवेलागणीला वडाच्या झाडांवर साळुंक्यांचा कलकलाट होतो. आपल्याच साळुंक्या. १८६५ साली अळ्या खायला त्या भारतातून नेल्या होत्या. मोआनाच्या अंगणात १९०४ साली लावलेला वड आहे, तोही मूळचा भारतातला. पहिल्या वर्षी मला तिथे फार एकटं वाटायचं. कामावरून सुटले की त्या वडाखाली जाऊन उभी राहायची. साळुंक्या सीताबर्डीवर ओरडतात तशाच ओरडायच्या.

घरी फोन कधी करावा असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. होनोलुलू आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे आणि तिथे घड्याळं उन्हाळा-हिवाळ्यात बदलत नाहीत. डिसेंबरात सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो. साडेपाचला लानाईत बसा आणि फोन लावा. नागपुरात तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ वाजलेले असतात, पोहे झालेले असतात. फोन पाण्याकडे वळवून धरा. आपल्या अक्षांशावर सूर्य झटकन बुडतो, तेव्हा बोलत बसू नका, आधी दाखवा.